प्रौढ पाळीव पक्षी आणि नवे घर

पाळीव प्राण्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा पुष्कळ लहान असते. कुत्रा किंवा मांजर पंधरा वर्षे जगले, तर त्याला दीर्घायुषी म्हणावयाचे. पोपटांच्या कुलातील पक्ष्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. बाजारात चुकीने ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जाणारा चिमुकला बजरीगार पाच ते दहा वर्षे जगतो. डोक्यावर तुरा असलेला कॉकॅटील पंधरा-वीस वर्षे जगतो. आफ्रिकेतील करडा पोपट व ऑस्ट्रेलियाकडील मोठे काकाकुवे यांची निगा चांगली राखली, तर ते चाळीस ते साठ वर्षेही जगू शकतात. अमेरिकेत शिकागोजवळील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालय १९३४ साली उघडले, तेव्हा ‘कुकी’ नावाचा एक वर्षाचा काकाकुवा तेथे होता. तो २०१६ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी मरण पावला.

या दीर्घायुष्याचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. पाळणाऱ्या माणसाचे म्हातारपण, आजार, बदली, लहान जागेत जाणे किंवा मृत्यू यांमुळे पक्ष्याचे घर बदलते. आणि एकाच पक्ष्याच्या वाट्याला असे दोन-तीन वेळाही येऊ शकते. नव्या घरातील माणसे त्याला हौसेने आणतात. तो बोलतो, हातावर बसतो, असे त्यांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात मात्र पक्षी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खाणे टाकतो, जवळ गेलेल्या बोटाला कडकडून चावतो. मग माणसांची निराशा होते आणि पक्षी पुन्हा तिसऱ्या घरी रवाना होतो. ‘बूढ़े तोते भी कहीं पढ़ते हैं?’ अशी हिंदीत एक म्हण आहे. वयस्क पक्षी नवे काही शिकत नाही, नव्या माणसाला आपले म्हणत नाही, हा समज या म्हणीइतकाच जुना आहे. तो कितपत खरा आहे आणि अशा पक्ष्याला नव्या घराशी जुळवून घेण्यास माणूस कशी मदत करू शकतो, याचा विचार या पाठात केला आहे.

थव्यातला जीव

पाळीव पोपटाचे वागणे समजण्यासाठी प्रथम रानातील पोपटाकडे पाहिले पाहिजे. हे पक्षी एकटे राहत नाहीत. ते थव्याने चरतात, थव्याने उडतात आणि संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर रातथाऱ्याला जमतात. थव्यातही बहुधा नरमादीची जोडी दीर्घकाळ टिकते. जोडीदार एकमेकांना घास भरवितात, एकमेकांच्या डोक्यावरची पिसे चोचीने विंचरतात. पानांच्या दाटीत एकमेकांपासून दूर गेले, की ते विशिष्ट साद घालतात व दुसरा प्रतिसाद देतो. व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या जातीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की प्रत्येक पिलाची स्वतःची ओळखीची साद असते व तिची घडण पिलू घरट्यात आईबापांकडूनच उचलते. ही साद म्हणजे जणू पिलाचे नावच होय.

पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला असा थवा मिळत नाही. त्याच्या दृष्टीने घरातील माणसे हाच थवा असतो. म्हणून घर बदलणे म्हणजे त्याच्यासाठी नुसती जागा बदलणे नव्हे. ओळखीचे आवाज, ओळखीचे चेहरे, उजेड व अंधार यांच्या ठरलेल्या वेळा हे सर्व एकाच दिवशी नाहीसे होते. त्यातच, पोपट हा शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य होणारा जीव आहे. थव्यापासून तुटलेला पक्षी रानात फार काळ वाचत नाही. नव्या घरात कोपरा धरून बसलेला पक्षी हट्टी किंवा कृतघ्न नसतो. त्याचे शरीर त्याला धोक्याची सूचना देत असते.

एकटेपणाचा परिणाम शरीरावर किती खोल होतो, हे ऑस्ट्रियातील संशोधकांनी करड्या पोपटांवर केलेल्या अभ्यासातून दिसून आले आहे. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे संरक्षक भाग असतात आणि वयाबरोबर ते आखूड होत जातात. जोडीने ठेवलेल्या पोपटांपेक्षा एकटे ठेवलेल्या त्याच वयाच्या पोपटांमध्ये हे भाग अधिक आखूड असल्याचे आढळले.

प्रौढ पक्षी शिकतो काय?

या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार पोपटांच्या मेंदूत चेतापेशी अतिशय दाटीने भरलेल्या असतात. मकॉ पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा असूनही त्याच्या अग्रमेंदूतील पेशींची संख्या एका माकडाच्या अग्रमेंदूतील पेशींहून अधिक भरते.

अमेरिकेतील संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली एका दुकानातून सुमारे एक वर्षाचा करडा पोपट आणला. ‘ॲलेक्स’ या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. २००७ साली मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, तो शिकत राहिला. सुमारे पन्नास वस्तू, सात रंग व पाच आकार यांची नावे तो सांगू शके. त्याला शिकविण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. दोन माणसे त्याच्यासमोर बसत. एक दुसऱ्याला वस्तूचे नाव विचारी. उत्तर बरोबर आले, की ती वस्तू उत्तर देणाऱ्याच्या हाती पडे. पोपट हे सर्व पाही आणि मग आपणही त्या खेळात भाग घेई. पोपट पाहून शिकतो आणि माणसांच्या परस्पर व्यवहारात सामील होऊन शिकतो, हा यातील बोध होय.

दुसरे उदाहरण ‘स्नोबॉल’ या काकाकुव्याचे आहे. पहिल्या घरातून तो २००७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात पक्ष्यांच्या एका आश्रयगृहात आला, तेव्हा तो पिलू नव्हता. त्याने वयाची दहा वर्षे ओलांडली होती. संगीत लागले की तो पाय उचलून, मान हलवून नाचे. संशोधकांनी तेच गाणे कमी-अधिक गतीने वाजवून पाहिले, तेव्हा तो आपली हालचालही त्या गतीशी जुळवून घेतो, असे २००९ साली सिद्ध झाले. २०१९ साली त्याच्या नाचातील चौदा निरनिराळ्या हालचालींची नोंद प्रसिद्ध झाली. हा नाच तो दाण्याच्या आशेने करीत नसे. सांभाळणाऱ्या माणसांच्या संगतीत, संगतीसाठीच करी. घर बदललेला प्रौढ पक्षी नव्या माणसांशी नाते जोडू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पक्षी घरी येण्यापूर्वी

नात्याची तयारी पक्षी येण्याआधी सुरू होते. एक उदाहरण कल्पू या. एका वृद्ध गृहस्थांनी बारा वर्षे पाळलेला कॉकॅटील त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पुतणीकडे यावयाचा आहे. शहाणी पुतणी पिंजरा उचलण्यापूर्वी काकूंजवळ बसते आणि विचारते, “काकू, काका त्याला कशी हाक मारत? तो जेवतो कधी? झोपतो कधी?” काकू आठवून सांगतात: सकाळी चहाच्या वेळी काका शीळ घालीत व पक्षी तीच शीळ परत करी, त्याला राळे व कोथिंबीर आवडते, संध्याकाळी सात वाजता पिंजऱ्यावर जुने धोतर टाकीत, झाडूला तो घाबरतो. ही माहिती कागदावर उतरवून घ्यावी. नव्या घरात पक्ष्याची ओळख पटविणारे एवढेच सामान बरोबर येणार असते.

शक्य असेल, तर जुना पिंजरा, जुन्या वाट्या, जुन्या दांड्या व तेच आच्छादन आणावे. पिंजरा लहान असेल, तरीही तो पहिल्याच दिवशी बदलू नये. पक्षी स्थिरावल्यावर मोठा पिंजरा शेजारी ठेवून हळूहळू बदल करावा. आहाराचेही तसेच. केवळ दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव भासते आणि त्याला हिरवा भाजीपाला, गाजर, भोपळा यांची सवय लावणे अगत्याचे असते. परंतु प्रारंभी जुनेच अन्न द्यावे. नवे अन्न खावे म्हणून पक्ष्याला उपाशी ठेवणे धोक्याचे आहे.

पहिले दिवस

पिंजरा घरातील माणसांचा वावर असलेल्या खोलीत, पण एका बाजूस भिंतीचा आधार मिळेल असा ठेवावा. चहूकडून उघड्या जागी ठेवलेल्या पक्ष्याला पाठ सुरक्षित वाटत नाही. स्वयंपाकघरात पिंजरा कदापि ठेवू नये. न चिकटणाऱ्या लेपाचे तवे फार तापले, की त्यांतून निघणारा वायू पक्ष्यांना थोड्याच वेळात मारक ठरतो. धूर व उदबत्तीही त्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला बाधक असतात.

पहिले काही दिवस पक्ष्याकडून काहीही अपेक्षू नये. पाहुण्यांना व शेजारच्या मुलांना थोडे थांबावयास सांगावे. पक्ष्याला रोज दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप मिळावी. कॉकॅटील रात्री अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडतो, हे सर्वश्रुत आहे. म्हणून त्याच्याजवळ मंद दिवा ठेवणे हिताचे. तो खातो की नाही, हे मात्र रोज पाहावे. येथे एक फसगत होते. दाणे सोलून खाल्ल्यावर टरफले वाटीतच राहतात आणि वरून वाटी भरलेली दिसते. टरफले फुंकून खाली दाणे आहेत की नाहीत, याची खात्री करून घ्यावी.

या काळात पालकाने पिंजऱ्यापासून काही अंतरावर बसून वाचन, शिवण, अभ्यास असे आपले काम करावे. पक्ष्याकडे टक लावून पाहू नये. दोन्ही डोळे रोखून पाहणे ही शिकाऱ्याची रीत आहे. मधूनमधून सौम्य आवाजात बोलावे. जाता-येता एखादा आवडीचा दाणा वाटीत टाकून तसेच पुढे जावे. माणूस जवळ येणे आणि चांगले काही मिळणे यांची सांगड पक्ष्याच्या मनात अशीच बसते. पक्ष्याने साद घातली, तर तिला उत्तर द्यावे. वरील उदाहरणातील पुतणीने सकाळी चहाच्या वेळी काकांची शीळ घातली, तर पहिल्या दिवशी कॉकॅटील कदाचित गप्पच राहील. पाचव्या-सहाव्या दिवशी तो मान वळवील, तुरा उभारील, आणि एखाद्या सकाळी तीच शीळ अर्धवट परत करील. जुन्या माणसाची आठवण पुसून नवे नाते जडत नाही. ओळखीच्या धाग्यालाच ते जोडावे लागते.

पक्ष्याची भाषा

पक्ष्याला काय वाटते, हे त्याच्या शरीरावरून वाचता येते. कॉकॅटीलचा तुरा डोक्याला चपटा चिकटला असेल व तो फूत्कार करीत असेल, तर ती भीती किंवा राग होय. तुरा ताठ उभा असेल, तर तो दचकला आहे किंवा त्याचे कुतूहल जागे झाले आहे. तुरा सैल व किंचित मागे झुकलेला असेल, तर तो निवांत आहे. पिसे अंगाशी आवळून, मान उंच करून बसलेला पक्षी भ्यालेला असतो. एका पायावर उभे राहणे, चोच हलकेच करकर घासणे, माणसादेखत पिसे विंचरणे ही स्वस्थतेची लक्षणे आहेत. करड्या पोपटाच्या बाहुल्या झपाट्याने लहान-मोठ्या होऊ लागल्या, तर तो उत्तेजित झाला आहे असे समजून हात दूर ठेवावा.

हातापर्यंतचा प्रवास

पक्षी माणसादेखत निर्धास्तपणे खाऊ लागला, म्हणजे पुढची पायरी घ्यावी. राळ्याचे लांब कणीस पिंजऱ्याच्या गजांतून पुढे करावे. पक्षी टोकाचे दाणे टिपू लागेल. दिवसेंदिवस कणीस आखूड धरावे, म्हणजे चोच बोटांच्या जवळ येत जाईल. तो मागे सरला, तर हात तत्काळ थांबवावा व आदल्या दिवशीच्या अंतरावर परत जावे. नंतर दार उघडून हेच करावे. पुढे एक छोटी काठी दाखवून, तिच्या टोकाला पक्ष्याने चोच लावली की लगेच दाणा द्यावा. ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी विशद केलेला नियम येथे कामी येतो. काठीच्या टोकामागे चालणाऱ्या पक्ष्याला, हाताने न धरता, दांडीवर, तेथून पुढे केलेल्या हातावर व परत पिंजऱ्यात नेता येते. पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन पाठ दिवसाला पुरेत. पक्षी कंटाळण्यापूर्वी पाठ संपवावा.

हातमोजे घालून पक्ष्याला पकडणे, तो दमेपर्यंत हातात दाबून धरणे आणि धडपड थांबली की ‘माणसाळला’ असे समजणे ही जुनी रीत अद्याप काही ठिकाणी दिसते. ती क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. सुटकेची आशा सोडलेला पक्षी आणि विश्वास बसलेला पक्षी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ज्या पक्ष्याला असते, त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो.

अडचणी व त्यांचे निवारण

चावणे ही बहुधा शेवटची सूचना असते. आधीच्या सूचना माणसाने वाचलेल्या नसतात. चावल्यावर ओरडू नये, हात झटकू नये, पक्ष्याला मारू नये. त्याला शांतपणे दांडीवर ठेवावे आणि चावण्यापूर्वी काय घडले, याचा विचार करावा. किंचाळण्याचेही तसेच. उजाडताना व मावळताना गलका करणे हा पोपटांचा जातिस्वभाव आहे. तो काही काळ सहन केलाच पाहिजे. इतर वेळी किंचाळताच धावत गेल्यास पक्षी तेच शिकतो. त्याच्या हळू, गोड सादेला मात्र न चुकता उत्तर द्यावे.

काही पक्षी स्वतःची पिसे उपटतात. त्यामागे रोग असू शकतो. म्हणून प्रथम पशुवैद्याला दाखवावे. परंतु रिकामपण हेही एक मोठे कारण आहे. रानातील पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात व फोडण्यात घालवितो. पिंजऱ्यात त्याला ते वाटीत आयते मिळते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तरुण ॲमेझॉन पोपटांना अन्न शोधून काढावे लागेल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांच्यातील पिसे उपटणे टळले व कमीही झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळलेले दाणे, कागदाच्या पुडीत ठेवलेला खाऊ, कुरतडण्यास कडुनिंबाची डहाळी एवढ्या साधनांनीही हे साधते.

पुष्कळदा पक्षी घरातील एकाच व्यक्तीला आपलेसे करतो व इतरांवर धावून जातो. ही जोडी बांधण्याची नैसर्गिक प्रवृत्ती होय. अशा वेळी आवडता खाऊ इतरांनीच द्यावा आणि लाडक्या व्यक्तीने थोडे मागे राहावे. पक्ष्याला केवळ डोक्यावर व मानेवर कुरवाळावे. पाठीवर व पंखांखाली हात फिरविणे त्याला प्रणयाची खूण वाटते; त्यामुळे तो आक्रमक होतो, आणि मादी असल्यास वारंवार अंडी घालून अशक्त होते.

आरोग्य आणि कायदा

पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवितो. म्हणून घरी येताच त्याची तपासणी करवून घ्यावी व आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. कॉकॅटीलचे वजन सुमारे ९० ग्रॅम असते. त्यात दहा ग्रॅमची घटसुद्धा गंभीर मानावी. श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणे, दिवसभर पिसे फुगवून बसणे ही आजाराची चिन्हे आहेत. घरात दुसरे पक्षी असतील, तर नव्या पक्ष्याला किमान एक महिना वेगळ्या खोलीत ठेवावे. पोपटांपासून माणसांनाही होणारा सिटॅकोसिस नावाचा रोग आहे. म्हणून पिंजरा साफ करताना वाळलेली विष्ठा झाडू नये, ओली करून पुसावी व नंतर हात धुवावेत.

भारतातील वाचकांनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. आपल्या देशातील रानपोपट, मग तो कंठवाला राघू असो वा पहाडी पोपट, पकडणे, विकणे व पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. असा पक्षी जखमी सापडल्यास तो वनखात्याकडे सोपवावा. परदेशी जातींपैकी ज्यांचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या सूचींत आहे, त्यांची व त्यांच्या हस्तांतराची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने व २०२४ च्या नियमांनी आवश्यक केली आहे. करडा पोपट हा २०१७ पासून या सूचींपैकी सर्वांत कडक सूचीत आहे. बजरीगार व कॉकॅटील या सूचींत नाहीत. जुना पक्षी दत्तक घेतला, की बाजारातून नवा आणण्याची गरज तेवढ्यापुरती उरत नाही, हाही त्याचा एक लाभ होय.

समारोप

या सर्वाला किती काळ लागतो? कोणाला तीन आठवडे, कोणाला सहा महिने, कोणाला वर्षाहूनही अधिक. काही पक्षी हातावर कधीच बसत नाहीत. पण माणूस खोलीत आला की पुढच्या दांडीवर येऊन बसतात आणि त्याच्या सादेला साद देतात. तेही नातेच होय, आणि पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर ते उणे नाही. म्हातारे पोपट शिकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी बहुधा त्यांना पुरेसा वेळ दिलेला नसतो. बारा वर्षे एका शिळेला उत्तर देणारा जीव दुसऱ्याच्या तोंडून तीच शीळ ऐकून उत्तर द्यावयास कचरतो, यात नवल नाही. एक दिवस तो उत्तर देतो, ते मात्र लक्षपूर्वक ऐकण्याजोगे असते.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावातील पोपटांचा किंवा साळुंक्यांचा रातथारा शोधा. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास दूर उभे राहून पक्षी कोणत्या दिशांनी येतात व किती वेळ आवाज करतात, याची सात दिवस नोंद ठेवा.

२. पिंजऱ्यात पाळलेल्या एखाद्या परदेशी पक्ष्याचे दहा मिनिटे निरीक्षण करा. तो भ्यालेला, कुतूहलाने भरलेला की निवांत आहे, हे कोणत्या चिन्हांवरून ठरविले, ते लिहा.

३. घर बदललेल्या पक्ष्याला जुनाच पिंजरा व जुनेच अन्न प्रारंभी का द्यावे? कारणे सांगा.

४. धडपड थांबविलेला पक्षी आणि विश्वास बसलेला पक्षी यांतील फरक कसा ओळखाल?